वडिलांचा प्रोस्टेट ४८ ग्रॅम आला आहे, ऑपरेशन करावंच लागेल का?

वय ६८, रात्री चारदा उठणं आणि सोनोग्राफीत ४८ ग्रॅम, एवढ्यावर ऑपरेशन ठरत नाही. मी ७२ वर्षांचा, निवृत्त एसटी कंडक्टर. डॉक्टर नाही, पण आठ वर्षं हेच दुखणं सांभाळतोय.

ग्रॅमचा आकडा बघून सगळेच घाबरतात. तरुणपणी ही प्रोस्टेट ग्रंथी वीसेक ग्रॅमची असते, वयाबरोबर वाढते. लघवीची नळी तिच्या मधूनच जाते. म्हणून ग्रंथी केवढी झाली यापेक्षा नळी किती आवळली हे बघायचं. त्याच रिपोर्टात ‘पोस्ट व्हॉइड’ म्हणून एक आकडा असेल, म्हणजे लघवी करून आल्यावरही आत किती मिली उरली. डॉक्टरांना त्याबद्दल विचारा.

ही वाढ कॅन्सर नव्हे आणि तिचा पुढे कॅन्सर होत नाही. पण दोन्ही एकाच माणसाला असू शकतात, म्हणून यूरोलॉजिस्ट (लघवीच्या आजारांचे डॉक्टर) गुदद्वारातून बोटाने तपासतात, पीएसए ही रक्ताची तपासणी करायला लावतात. वडील लाजतील. मीही लाजलो होतो. अर्ध्या मिनिटात झालं.

मला टॅम्सुलोसिन, म्हणजे आवळलेली नळी सैल करणारी गोळी, सुरू केली आणि आठवड्यात धार सुधारली. उठताना गरगरायचं, म्हणून आधी पलंगाच्या कडेला जरा बसतो. मोतीबिंदू काढायचा झाला तर डोळ्यांच्या डॉक्टरांना ही गोळी आधी सांगा, तिच्यामुळे बाहुली नीट मोठी होत नाही. ग्रंथी मोठी असेल तर ती लहान करणारी ड्युटास्टेराइड ही गोळी जोडतात. तिचा गुण यायला सहा महिने लागतात.

आता माझा मूर्खपणा. भाच्याच्या लग्नात सर्दी झाली, कुणीतरी मेडिकलमधून गोळी आणली, मी घेतली. रात्री लघवी बंद! पोट टम्म, एक थेंब नाही. पहाटे नळी घातली तेव्हा जवळपास लिटरभर निघाली. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी लघवी अडते. वडिलांना विचारल्याशिवाय देऊ नका, आणि अशी तुंबली तर सकाळची वाट बघू नका.

वारंवार तुंबणं, रक्त, सारखा संसर्ग, मूत्राशयात खडे किंवा किडनीवर ताण असेल तर ऑपरेशनचा विषय निघतो. ते बहुतेक वेळा दुर्बिणीतून किंवा लेसरने होतं, पोट फाडावं लागत नाही.

भेटीआधी तीन दिवस किती वाजता, किती लघवी झाली ते मापाच्या मगने मोजून वहीत लिहा. बीपीची गोळी लघवी वाढवणारी असेल आणि ते ती रात्री घेत असतील, तर वेळ बदलता येईल का तेही विचारा. माझे दोन फेरे त्यानेच वाचले.