वाचकांचे प्रश्न : घड्याळातल्या कॅलरी कितपत खऱ्या?

प्रश्न : वय ४२, उंची १५५ सेंमी, वजन ६२ किलो. रोज सकाळी ४५ मिनिटं भरभर चालते. बाकी घरकाम आणि शिकवण्या. हातातलं घड्याळ रात्री २,६०० कॅलरी खर्च झाल्याचं दाखवतं. तेवढं खाल्लं तर वजन वाढतंय. माझं काय चुकतंय?
– गृहिणी, लातूर

उत्तर : तुमचं काही चुकत नाही. घड्याळ कॅलरी मोजत नाही. ते हृदयाचे मिनिटाला पडणारे ठोके मोजतं आणि त्यावरून अंदाज बांधतं. अंग हलतं, स्नायूंना प्राणवायू जास्त लागतो आणि ठोके वाढतात, एवढ्यावर सगळा हिशोब उभा आहे. पण हे नातं साधारण ९० ते १५० ठोक्यांच्या पट्ट्यातच भरवशाचं. बसल्या जागी ठोके ७० चे ८० झाले तर कारण चहा असेल, कुणाचा तरी राग असेल, अंगात कसर असेल. प्राणवायूचा खर्च त्याने फारसा वाढत नाही.

दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी २००५ साली दिलेलं सूत्र बऱ्याच ठिकाणी वापरलं जातं. स्त्रियांसाठी ते असं : ठोके × ०.४४७२, त्यातून वजन × ०.१२६३ वजा, त्यात वय × ०.०७४ मिळवा, २०.४०२२ वजा करा आणि आलेल्या आकड्याला ४.१८४ ने भागा. उत्तर येतं मिनिटाला किती कॅलरी ते. चालताना तुमचे सरासरी ठोके ११८ असतील तर ६.६ येतात. हेच सूत्र ७५ ठोक्यांना लावलं की २ येतात, आणि तुमचं शरीर विश्रांतीत मिनिटाला जेमतेम ०.८५ खर्च करतं! घोळ होतो तो इथे. व्यायामाचं सूत्र चोवीस तासांवर पसरलं की दिवसाचा आकडा फुगलाच म्हणून समजा.

म्हणून दिवसाचे तुकडे करा. आधी तुमचा उंबरठा काढा : पाच मिनिटं पडून, पाच बसून, पाच उभं राहून आणि पाच मिनिटं हळू चालून ठोके लिहा. उभं राहून ८४ आणि हळू चालताना ९४ आले तर मधला आकडा ८९, हा उंबरठा. त्याच्या खालच्या वेळात ठोक्यांकडे बघायचंच नाही. तिथे विश्रांतीचा खर्च धरायचा : वजन × १०, अधिक उंची × ६.२५, वजा वय × ५, वजा १६१ (पुरुषांनी १६१ वजा करण्याऐवजी ५ मिळवायचे). तुमचे दिवसाला १,२१८ येतात. आता मांडणी बघा. साडेसात तास झोपेचे ३८१. चालण्याचे ६.६ × ४५, म्हणजे २९७. उरलेली ९४५ मिनिटं स्वयंपाक, झाडलोट, बसणं-उठणं यांची. त्यांना विश्रांतीच्या दीडपट धरा, ते १,१९९. बेरीज सुमारे १,८८०. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये ५५ किलोच्या स्त्रीसाठी बैठ्या कामाला १,६६० आणि मध्यम कामाला २,१३० कॅलरी ठरवल्या आहेत. तुमचा आकडा त्या दोन्हींच्या मध्ये बसतो, २,६०० मात्र बसत नाही.

चालण्याचे २९७ सुद्धा थोडे जास्तच असावेत. सपाट रस्त्यावर ताशी साडेपाच-पावणेसहा किलोमीटर वेगाने चालणं म्हणजे विश्रांतीच्या सुमारे ४.३ पट काम. या पटीसाठी विश्रांतीचा खर्च किलोमागे तासाला १ कॅलरी धरतात. त्या हिशोबाने ६२ किलोला पाऊण तासात २०० च कॅलरी होतात. सवय नसलेल्या माणसाचे ठोके त्याच कामाला जास्त पडतात, पण खर्च काही तेवढा वाढत नाही. अंतर आणि वेळ नक्की माहीत असेल तेव्हा वेगावरचा आकडा धरा. रक्त कमी असेल तरी ठोके असेच चढे दिसतात. बसून असताना ते सतत १०० च्या वर असतील तर आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या, कॅलरीचं नंतर पाहू.

शेवटचा निवाडा वजनकाट्याचा. चार आठवडे रोज सकाळी, शौचानंतर, काही खाण्यापूर्वी वजन घ्या आणि आठवड्याची सरासरी लिहा. पाळीच्या आसपास अंगात पाणी साठतं, म्हणून चार आठवड्यांपेक्षा कमी नको. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. रोज १,८८० खाऊन २८ दिवसांत ३०० ग्रॅम वाढले, तर २,३१० ला २८ ने भागा : रोजच्या ८२ जास्त झाल्या. खरा खर्च १,८०० च्या आसपास. यात चहातली साखर आणि फोडणीचं तेल मोजून धरायला हवं; वाटीने अंदाज घेतला तर चूक तिथेच शिरते.

प्रश्न : ऑक्टोबरात सोयाबीन काढणीच्या दिवसांत घड्याळ ४,५०० च्या वर जातं. वय ३५, वजन ६० किलो. एवढं खरंच लागतं का?
– शेतकरी, हिंगोली जिल्हा

उत्तर : काम जड आहे यात शंका नाही, पण ४,५०० नाही. वर सांगितलेल्या संस्थेने ६५ किलोच्या पुरुषाला भारी कामासाठी ३,४७० धरल्या आहेत.

आकडा चढतो तो मुख्यतः उन्हाने. अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, घामाने पाणी कमी होतं, एका ठोक्याला कमी रक्त ढकललं जातं. मग तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदय जास्त वेळा धडधडतं. त्याच २००५ च्या संशोधनातल्या पुरुषांच्या सूत्रात प्रत्येक जादा ठोका मिनिटाला ०.१५ कॅलरी वाढवतो. उन्हामुळे १२ ठोके जास्त पडले आणि चार तास काम चाललं, तर सुमारे ४३० कॅलरी कागदावरच वाढतात. दुसरं, विळा चालवणं हातांचं काम. तेवढ्याच प्राणवायूला पायांच्या कामापेक्षा हातांच्या कामात ठोके जास्त पडतात. मूठ आवळून धरली, पोतं पाठीवर घेऊन थांबलं, तरीही तसंच.

उपाय साधा आहे. सकाळी ऊन चढायच्या आत नेहमीच्या गतीने वीस मिनिटं कापणी करा आणि त्या वेळचे सरासरी ठोके लिहा. दिवसभर त्याच कामाला तोच आकडा धरा. दुपारी वर गेलेले ठोके हा पाणी पिण्याचा आणि सावलीत बसण्याचा इशारा समजा, भाकरी वाढवण्याचा नव्हे. पण काढणी संपेपर्यंत वजन उतरत राहिलं तर जेवण कमी पडतंय. तिथे कुठलंच सूत्र ऐकू नका, जेवण वाढवा.

प्रश्न : पोलीस भरतीची तयारी करतो. हळू पळतानाही घड्याळ १७० ठोके दाखवतं. छातीचा पट्टा घ्यावा का? वय २३, वजन ६४ किलो.
– वाचक, परभणी

उत्तर : हळू पळताना १७० आले तर बहुधा घड्याळ पावलं मोजतंय. पळताना मिनिटाला १६०–१७० पावलं पडतात आणि सैल पट्ट्यातून घड्याळाचा प्रकाश त्या हादऱ्यांनाच ठोके समजतो. थांबून लगेच १५ सेकंद नाडी मोजा, चारने गुणा. १४० आले तर घड्याळ खोटं. ते मनगटाच्या हाडाच्या दोन बोटं वर घट्ट बांधा. कडं किंवा गंडा त्या हातात नको.

झटपट चढउतार असलेल्या सरावाला पट्टा नक्कीच चांगला. तो हृदयाचे विजेचे संकेत घेतो, म्हणून मागे पडत नाही. आतल्या दोन्ही पट्ट्या पाण्याने ओल्या करा. कोरड्या असल्या की पहिली पाच-दहा मिनिटं वेडेवाकडे आकडे येतात. पट्टा छातीच्या स्नायूंच्या लगेच खाली बसवा. पळून आल्यावर घामाचं मीठ साध्या पाण्याने धुऊन टाका आणि डबी पट्ट्यावरून काढून ठेवा, नाहीतर सेल लवकर उतरतो. बहुतेकांत सीआर २०३२ चा बटण सेल लागतो.

पण ठोके बरोबर आले म्हणजे कॅलरी बरोबर आल्या असं नाही. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी मनगटावरची सात उपकरणं तपासली. सहांमध्ये ठोक्यांची चूक ५ टक्क्यांच्या आत होती. कॅलरीत मात्र सगळ्यात चांगल्याचीही सरासरी चूक २७ टक्के निघाली. १६०० मीटरच्या जोरदार धावेला तर सूत्र लावूच नका, ठोके भरवशाच्या ९० ते १५० च्या वर जातात. पळण्याचा हिशोब किलोमीटरवर करा : वजनाच्या प्रत्येक किलोला किलोमीटरमागे सुमारे १ कॅलरी. ८ किलोमीटरला तुमच्या ५१० च्या आसपास जातात.

प्रश्न : रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल चालू आहे. कितीही चाललो तरी ठोके शंभरच्या पुढे जात नाहीत.
– निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई

उत्तर : ती गोळी ठोके आवरण्यासाठीच आहे, अटेनोलॉलही तसंच. तुमच्यासाठी ठोक्यांवरचं कुठलंही सूत्र कामाचं नाही. खर्च प्रत्यक्षाहून कमी दिसेल. अंतर आणि वेळ लिहा, वर सांगितलेल्या ४.३ पटीने हिशोब करा. हळू चालत असाल तर ३ पट पुरे. ठोके दिसावेत म्हणून गोळी चुकवू नका, ती एकदम बंद करणं हृदयाला धोक्याचं असतं. चालताना दम इतका लागावा की बोलता येईल पण गाता येणार नाही, एवढी खूण पुरते.