सोनोमा कोस्टची पिनो न्वार इतकी फिकी आणि आंबट का लागते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेहुण्यांनी कॅलिफोर्नियाहून 'सोनोमा कोस्ट' (तिथला एक किनारी भाग) लिहिलेल्या पिनो न्वारच्या (ही काळ्या द्राक्षाची जात, तिच्या लाल वाइनचंही नाव हेच) दोन बाटल्या आणल्या. एक उघडली, तर ग्लासातून पलीकडचं दिसावं इतका रंग फिका आणि चव आंबटसर. नाशिकची शिराझ, म्हणजे दुसऱ्या काळ्या द्राक्षाची लाल वाइन, याहून कितीतरी दाट. मग इतके पैसे कशाचे, आणि दुसरी बाटली ठेवून दिली तर सुधारेल का?

फसवणूक झालेली नाही. वाइनला रंग गरातून येत नाही, सालीतून येतो. काळं द्राक्ष नुसतं पिळलं तर रस जवळजवळ पांढराच निघतो. फ्रान्सच्या शॅम्पेन भागात याच पिनो न्वारपासून पांढरी वाइन करतात ती त्याच जोरावर. शिराझच्या सालीत रंगद्रव्य भरपूर. पिनोची साल पातळ, तिच्यात रंग मुळात कमी, आणि रंग धरून ठेवणारे काही घटक तर तिच्यात नसतातच. पाण्यात कोकमाचं आगळ घातल्यासारखा रंग दिसला असेल तर तो तिचा खरा रंग. उलट एखादी पिनो काळपट, दाट दिसली की मला शंका येते. अमेरिकेत लेबलवर द्राक्षाच्या जातीचं नाव लावायला त्या जातीचा वाटा ७५ टक्के असला की पुरतं (ऑरेगन राज्याने पिनोसाठी ही अट ९० टक्के ठेवली आहे). उरलेल्या पंचवीस टक्क्यांत एखादं गडद द्राक्ष मिसळायला कॅलिफोर्नियात कायद्याची आडकाठी नाही.

आता आंबटपणा. तो समुद्रामुळे.

मी निफाड तालुक्यातल्या द्राक्षवाल्या घरातला, सध्या राहायला सोनोमा काउंटीत. इथला समुद्र बघताना कोकण डोक्यातून काढून टाकावं लागतं. ऐन जुलैत किनाऱ्यालगतचं पाणी १२-१३ अंशांच्या आसपास असतं; पाय घातला की मिनिटभरात बधिर. वायव्येचा वारा वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतो आणि त्याच्या जागी खोलातलं गार पाणी वर येतं. दमट हवा त्या पाण्यावरून आली की धुकं तयार होतं. तिकडे आत सेंट्रल व्हॅली, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या मधलं मोठं खोरं, उन्हाळ्यात ३८-४० अंशांपर्यंत तापलेली असते, तिथली हवा वर उठते आणि किनाऱ्याकडची गार हवा आत ओढली जाते. किनाऱ्याच्या डोंगररांगेत पेटलुमा गावाजवळ मोठी खिंड आहे, तिथून दुपारनंतर वारा असा सुटतो की टोपी हातात धरूनच चालावं. एवढ्या वाऱ्यात पानं आपली रंध्रं मिटून घेतात आणि द्राक्ष पिकणं आणखी लांबतं.

द्राक्षाला भरपूर ऊन मिळालं की साखर झपाट्याने चढते आणि त्यातलं मॅलिक आम्ल उष्णतेत खर्ची पडतं. इथे दिवसाही हवा बेताची आणि रात्री तर गारच, म्हणून साखर सावकाश चढते आणि आम्ल शिल्लक राहतं. नाशिकला वाइनची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे ऊन चढत असताना तोडतात. इथे तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरला, दिवस उतरणीला लागल्यावर. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी अशा दोन असतात, इथे हिवाळ्यात पानं झडून वेल झोपते आणि छाटणी एकदाच. (भुरी, हा वेलीवरचा बुरशीचा रोग, मात्र इथेही पाठ सोडत नाही. ते ऐकून आमच्या काकांना बरं वाटलं होतं.)

किमतीचं कारणही बरंचसं हेच. फुलोरा मे-जूनमध्ये येतो, तेव्हाच गार वारा आणि धुकं असलं की मणी धरत नाहीत, गळ होते आणि माल कमी निघतो. किनाऱ्यालगतचे डोंगर चढणीचे, रस्ते वाकडेतिकडे, तोडणी हाताने. सान आंद्रेआस भ्रंशरेषा, म्हणजे भूकंप होतात ती जमिनीतली भेग, याच पट्ट्यातून जाते, त्यामुळे माती थोड्या थोड्या अंतरावर बदलते आणि एकाच बागेतले तुकडे वेगवेगळ्या दिवशी पिकतात. डेव्हिड हर्श या बागायतदारांनी १९८० मध्ये इथल्या डोंगरावर वेली लावल्या, तेव्हा आसपास द्राक्षबागा फारशा नव्हत्याच. आज चांगल्या बागेची बाटली तिथल्या तिथेच ५० डॉलरच्या पुढे जाते. ही किंमत प्रत्येक बाटलीला रास्त असते, असं मात्र मी म्हणणार नाही.

कारण 'सोनोमा कोस्ट' ही लेबलसाठी सरकारने आखलेली द्राक्षभागाची हद्द. १९८७ मध्ये ती इतकी ऐसपैस आखली गेली की उत्तरेला मेंडोसिनो काउंटीच्या सीमेपासून खाली सान पाब्लो उपसागरापर्यंत पसरली आहे. लेबलवर हे नाव लावायला ८५ टक्के द्राक्षं या हद्दीतली असावी लागतात, पण हद्दीतल्या कितीतरी बागांपासून खुला समुद्र गाडीने तासाभरावर आहे. यावर खुद्द बागायतदारच कुरकुरत होते. मग २०१२ मध्ये फोर्ट रॉस-सीव्ह्यू, २०१७ मध्ये पेटलुमा गॅप आणि २०२२ मध्ये वेस्ट सोनोमा कोस्ट अशा छोट्या हद्दी निघाल्या. मेहुण्यांना पुढच्या वेळी यांपैकी एखादं नाव बघून घ्यायला सांगा. फोर्ट रॉस म्हणजे १८१२ मध्ये रशियनांनी बांधलेला किल्ला. त्याच्या मागच्या बागा साधारण ९२० फुटांच्या वर, धुक्याच्याही वर आहेत. खाली समुद्र दिसतच नाही, नुसता पांढरा थर. वर मात्र लख्ख ऊन आणि हवा गार. तिथली पिनो जरा भरदार असते. फ्रीस्टोन, ऑक्सिडेंटल या गावांच्या बाजूची, धुक्यातच वाढलेली, अंगाने हलकी आणि जास्त आंबट. तुमच्या वर्णनावरून तुमची बाटली या दुसऱ्या वळणाची वाटते.

पहिली बाटली घरात जशी होती तशीच, म्हणजे ३० अंशांवर, ओतली असेल तर तिथेच निम्मं बिघडलं. त्या तापमानाला पिनोचा सुगंध मागे पडतो आणि अल्कोहोल नाकात जातं. दुसरी फ्रीजमध्ये ठेवा, प्यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा. १४-१५ अंशांवर ती बोलू लागते. लालसर चेरी, ओली माती, थोडा चहाच्या पत्तीचा वास, असं काहीतरी सापडेल. सोबत झणझणीत रस्सा नको, अल्कोहोलने तिखट आणखी झोंबतं. मश्रूम किंवा कमी तिखटातली तव्यावरची सुरमई चालेल. हो, मासाच, हिच्यात तुरटपणा कमी असल्याने माशाबरोबर तोंडात लोखंडाची चव सहसा येत नाही. इथले लोक हिच्याबरोबर सामन मासा खातात.

आणि ठेवून देण्याचं म्हणाल तर ही वाइन काही वर्षं नक्की टिकते, पण गार, अंधाऱ्या जागी. मुंबई-पुण्यात कपाटात ठेवलीत तर एका उन्हाळ्यात वाट लागेल. पावसाळा सुरू व्हायच्या आत पिऊन टाका.