वाचकांचे प्रश्न: खेळांसाठी लिनक्सवर जावे का?

प्रश्न: माझा संगणक २०१७ सालचा आहे. त्यात सातव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि नंतर बसवलेले जीटीएक्स १६५० कार्ड आहे. विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे बसत नाही आणि नवा संगणक घेणे सध्या परवडणारे नाही. मी ‘विचर ३’, ‘एल्डन रिंग’, ‘जीटीए ५’ आणि ‘काउंटर-स्ट्राइक २’ खेळतो. धाकटा भाऊ याच संगणकावर ‘व्हॅलोरंट’ खेळतो. विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकली तर हे सगळे चालेल का? डी ड्राइव्हवरचे जवळपास ३०० जीबीचे खेळ पुन्हा उतरवावे लागतील का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: आपल्या पत्रातली खरी अडचण धाकट्या भावाच्या वाट्याची आहे, म्हणून ती आधी पाहू. ‘व्हॅलोरंट’ लिनक्सवर चालत नाही. त्या खेळाची ‘व्हॅनगार्ड’ ही फसवणूक रोखणारी यंत्रणा संगणक सुरू होतानाच विंडोजच्या थेट गाभ्यात जाऊन बसते आणि लिनक्समध्ये तो गाभाच नसल्याने तिला बसायला जागा उरत नाही. यावर पळवाट सांगणारे व्हिडिओ आपल्याला सापडतील. पण खाते कायमचे बंद होण्याची जोखीम पत्करून त्या नादी लागू नये.

आपले स्वतःचे खेळ मात्र बहुतांशी निभावतील. ‘काउंटर-स्ट्राइक २’ची लिनक्ससाठी स्वतंत्र आवृत्तीच आहे. उरलेले तीन खेळ विंडोजचे असले, तरी ‘स्टीम’ हे खेळांचे ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये आणलेली ‘प्रोटॉन’ ही प्रणाली दुभाष्याचे काम करते: खेळ विंडोजच्या डायरेक्टएक्स या ग्राफिक्सच्या भाषेत जे मागतो, ते ती तिथल्या तिथे लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कनच्या भाषेत ग्राफिक्स कार्डापर्यंत पोचवते. प्रोसेसर तोच राहत असल्याने त्याची नक्कल करावी लागत नाही आणि त्यामुळे वेगात पडणारा फरक बहुधा सोसण्याजोगा असतो. पहिल्या काही मिनिटांत शेडर (ग्राफिक्स कार्डासाठीचे छोटे प्रोग्रॅम) तयार होताना खेळ अडखळला, तर घाबरू नये. ‘एल्डन रिंग’ इतरांबरोबर ऑनलाइनही खेळता येतो, कारण त्याच्या निर्मात्यांनी ‘ईझी अँटी-चीट’ या फसवणूक रोखणाऱ्या यंत्रणेला प्रोटॉनवर चालण्याची मुभा दिली आहे. ‘जीटीए ५’ची एकट्याने खेळायची कथा चालेल, तिच्या ऑनलाइन भागात सप्टेंबर २०२४ मध्ये ‘बॅटलआय’ ही तशीच यंत्रणा आली आणि तिथे लिनक्सवाल्यांना दार बंद झाले. बॅटलआय स्वतः प्रोटॉनवर चालू शकते, परवानगी खेळाच्या निर्मात्याने द्यायची असते आणि ती इथे दिलेली नाही. खेळ जुना की नवा, हलका की जड, यापेक्षा निर्मात्याची ही मर्जीच अधिक वेळा आडवी येते. त्यामुळे पुढे कोणताही ऑनलाइन खेळ विकत घेण्यापूर्वी ‘प्रोटॉनडीबी’ या संकेतस्थळावर इतर खेळाडूंचे अलीकडचे अनुभव वाचून घ्यावेत.

एवढे पाहता विंडोज १० पुसून टाकू नये, असे माझे मत आहे. शक्य असल्यास एक स्वस्त एसएसडी घेऊन लिनक्स तिच्यावर टाकावे आणि विंडोज फक्त भावाच्या खेळापुरते ठेवावे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने बँकेचे व्यवहार मात्र लिनक्समधूनच करावेत. लिनक्सचे अनेक अवतार आहेत आणि त्यांतला कोणता श्रेष्ठ, हा वाद चहाच्या टपरीवरच्या राजकारणासारखा न संपणारा आहे. घरातल्या सगळ्यांनी वापरायच्या संगणकासाठी मी ‘लिनक्स मिंट’ सुचवीन.

मिंट टाकल्यावर ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडून एनव्हिडियाचा शिफारस केलेला ड्रायव्हर निवडावा. सिक्युअर बूट (संगणक सुरू होताना फक्त ओळखीचे सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असेल तर या वेळी एक पासवर्ड ठरवायला सांगितले जाते आणि संगणक पुन्हा सुरू होताना निळा पडदा येतो. पुष्कळजण तो बिघाड समजून ‘कंटिन्यू बूट’ दाबतात आणि मग ड्रायव्हर का चालत नाही म्हणून रात्र घालवतात. तिथे ‘एनरोल मॉक’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. स्टीमही मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये दोन रूपांत दिसते. त्यातले ‘फ्लॅटपॅक’ रूप दुसऱ्या डिस्का आपणहून पाहू शकत नाही, म्हणून दुसरे घ्यावे.

आता ते ३०० जीबी. डी ड्राइव्ह एनटीएफएस या विंडोजच्या फाइल साठवण्याच्या पद्धतीचा असणार आणि लिनक्सला तो वाचता येतो, म्हणून खेळ तिथूनच सुरू करण्याचा मोह होईल, तो टाळावा. प्रोटॉन प्रत्येक खेळासाठी एक खोटा सी ड्राइव्ह रचते आणि त्यात ‘सी’ अक्षरापुढे अपूर्णविराम असलेल्या नावाचा दुवा तयार करते. विंडोजच्या नियमांत फाइलच्या नावात अपूर्णविराम बसत नाही, त्यामुळे कधी खेळ उघडतच नाही, तर कधी पुढे विंडोजने डिस्क तपासताना गोंधळ उडतो. त्याऐवजी नव्या एसएसडीवर लिनक्सच्या ‘एक्स्ट४’ पद्धतीचा भाग करून स्टीमची लायब्ररी तिथे ठेवावी, ‘स्टीमॲप्स’मधील ‘कॉमन’ फोल्डरातले खेळ आणि त्यांची नोंद ठेवणाऱ्या ‘ॲपमॅनिफेस्ट’ फाइली डी ड्राइव्हवरून तिथे नक्कल करून घ्याव्यात आणि स्टीमकडून फाइलींची पडताळणी करून घ्यावी. जे कमी असेल तेवढेच मग डाउनलोड होते. ही नक्कल करण्याआधी विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ (विंडोज पूर्ण बंद न होऊ देणारी सोय) बंद करून संगणक पूर्ण बंद करावा.

प्रश्न: माझे बहुतेक खेळ एपिक आणि गॉग या दुकानांतले आहेत. लिनक्सवर त्यांचे काय होते?
— एक वाचक, पुणे

उत्तर: या दोन्ही दुकानांनी आपला लाँचर (खेळ उतरवणारे आणि सुरू करणारे ॲप) लिनक्ससाठी काढलेला नाही, पण ‘हिरोइक’ हा मुक्त आणि विनामूल्य लाँचर दोन्ही खात्यांतले खेळ उतरवून प्रोटॉनमार्फत चालवतो. ‘फोर्टनाइट’ मात्र त्यातूनही चालणार नाही. कारण वर ‘जीटीए’चे सांगितले तेच.