बोर्हेसच्या कथा प्रथमच वाचताना

होर्हे लुईस बोर्हेस या अर्जेंटिनी लेखकाचा १९४४ सालचा ‘फिक्सिओनेस’ हा संग्रह आपण प्रथमच वाचणार असाल, तर तो क्रमानेच वाचण्याचा आग्रह धरू नये. काहीही विसरू न शकणाऱ्या फुनेसच्या कथेपासून आरंभ करावा आणि एका बैठकीत एकच कथा वाचावी. ‘बाबेलचे ग्रंथालय’ वाचताना मात्र प्रत्येक ग्रंथाची ४१० पाने, पानावरच्या ४० ओळी आणि अवघी २५ चिन्हे हे तपशील घाईने ओलांडू नयेत, कारण या चिन्हांच्या सर्व शक्य जुळण्यांतून होणाऱ्या ग्रंथांची संख्या मोजता येण्याजोगी असूनही माणसाच्या आवाक्यापलीकडची आहे, ही कथेतील खरी भीती त्या हिशेबातूनच निर्माण होते. खऱ्या लेखकांच्या शेजारी काल्पनिक ग्रंथ बेमालूमपणे ठेवलेले असल्याने प्रत्येक नावाची शहानिशा करत बसू नये (मला तो निव्वळ रसभंग वाटतो). तळटीपा मात्र वगळू नयेत, त्या कथेचाच भाग आहेत. संग्रहारंभीची ‘त्लोन’ ही कठीण कथा शेवटी वाचावी आणि ती १९४० साली प्रथम छापली गेली तेव्हाच तिच्या ताज्या कलमावर १९४७ हे साल घातलेले होते, हे ध्यानात ठेवावे.