सभासद-विभागाचा लॉगिन फॉर्म: आधी पासवर्डची साठवण

दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदारांच्या गटाच्या संकेतस्थळावर तुम्ही सभासद-विभाग करीत आहात आणि त्याचा लॉगिन फॉर्म कसा करावा असे विचारता, हे वाचून आनंद झाला. फॉर्म दिसायला दोन चौकटी आणि एक बटण एवढाच असतो. खरे काम त्याच्या मागे असते.

पासवर्ड डेटाबेसमध्ये जसाच्या तसा कधीही ठेवू नका. नाशिकमध्येच एका संस्थेचे जुने काम मी हाती घेतले, तेव्हा सर्व सभासदांचे पासवर्ड तक्त्यात उघडे वाचता येत होते, आणि तोच पासवर्ड अनेकजण ईमेललाही वापरतात हे आठवून मला फार अस्वस्थ वाटले. पीएचपी या संकेतस्थळे रचण्याच्या प्रोग्रॅमिंग भाषेत २०१३ साली आलेल्या ५.५ या आवृत्तीपासून 'पासवर्ड हॅश' आणि 'पासवर्ड व्हेरिफाय' ही दोन फंक्शने उपलब्ध आहेत. पहिले पासवर्डपासून मूळ पासवर्ड उलगडता येऊ नये असे रूप, म्हणजे हॅश, तयार करते आणि दुसरे भरलेला पासवर्ड त्या हॅशशी जुळतो का ते तपासते. प्रत्येक पासवर्डला वेगळे सॉल्ट, म्हणजे यादृच्छिक अक्षरांची भर, पहिले फंक्शन स्वतःच जोडते, म्हणून एमडी५ ही जुनी हॅश-पद्धत किंवा स्वतः रचलेली युक्ती वापरण्याचे कारण उरत नाही.

सभासदाने भरलेला मजकूर क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत, थेट जोडू नका, नाहीतर कोणी त्यातून स्वतःची आज्ञा घुसवू शकतो. प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरा, त्यात आज्ञा आणि मजकूर वेगवेगळे पाठवले जातात. लॉगिन यशस्वी होताच सेशनचा आयडी, म्हणजे सभासदाला ओळखण्यासाठी सर्व्हर ब्राउझरला देतो ती खूण, बदला, अन्यथा आधीपासून ठाऊक असलेल्या आयडीच्या आधारे दुसरा कोणी आत शिरू शकतो. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील माहिती कूटबद्ध करणारे एचटीटीपीएस तर हवेच.

चूक झाल्यास 'मोबाइल क्रमांक किंवा पासवर्ड चुकीचा आहे' एवढेच सांगा. नेमके काय चुकले हे कळले, तर कोण सभासद आहे हे परक्याला तपासता येते. पासवर्ड पेस्ट करण्यास मात्र मज्जाव करू नका, कारण बागेत उभे राहून मोबाइलवर लांब पासवर्ड टाइप करणे कठीण असते.