जुलाबाच्या तीन गोळ्या पुरत नाहीत, चौथी घेऊ का?

तुम्ही लिहिलंय, आधी एका गोळीने पोट साफ व्हायचं, आता रोज रात्री तीन घ्याव्या लागतात, तर चौथी घेतली तर चालेल का. नका घेऊ. मी याच वाटेने सहा गोळ्यांपर्यंत गेले होते.

फसगत कुठे होते ते सांगते. गोळीने मोठं आतडं पुरतं रिकामं होतं आणि ते पुन्हा भरायला दोन-तीन दिवस लागतात. त्या दिवसांत शौचाला न होणं साहजिकच. आपल्याला मात्र वाटतं बद्धकोष्ठ परत आला, की लगेच पुढची गोळी. आठवड्यातून तीनदा झालं तरी ते नॉर्मल असू शकतं, हे मला तेव्हा ठाऊकच नव्हतं.

जुलाबावाटे पाण्याबरोबर पोटॅशियमही जातं. मला आधी रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे, मग जिना चढताना पायांत बळच राहिनासं झालं. छातीत धडधडायला लागलं तेव्हा डॉक्टरांकडे गेले. पोटॅशियम 2.9 निघालं, ते साधारण 3.5 ते 5 असायला हवं. ते फार घसरलं तर हृदयाची लय बिघडून जिवावर बेतू शकतं. मला तर हे सगळं थकव्यामुळे होतंय असंच वाटत होतं.

‘माझी गोळी वनस्पतीची आहे’ असं म्हणत असाल तर सोनामुखीही बिसाकोडिलसारखीच (जुलाबाच्या बऱ्याच गोळ्यांत असणारं औषध) आतड्याला चेतवते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मॅग्नेशियमचं रेचक विचारल्याशिवाय घेऊच नका, ते रक्तात साठतं. आणि वजनासाठी घेत असाल, तर उतरतं ते फक्त पाणी. अन्नातल्या बहुतेक कॅलरी त्याआधीच लहान आतड्यात शोषलेल्या असतात.

आता डॉक्टरांना गोळ्यांचा खरा आकडा सांगा. मी लाजून दोनच सांगितल्या होत्या, त्यात महिना वाया गेला. रक्तातले क्षार तपासून घ्या, गोळ्या कशा कमी करायच्या तेही त्यांनाच ठरवू द्या. माझं सुरुवातीला पोट फुगलं, पाय सुजले, आणि तेव्हाच पुन्हा गोळी घ्यावीशी वाटली. ती सूज काही आठवड्यांत उतरली.

धडधड, चक्कर, शौचातून रक्त किंवा पोटात जोराची कळ, यातलं काही असेल तर आजच दवाखाना गाठा. आणि ब्लडप्रेशरसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू आहे का? त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनीही पोटॅशियम कमी होतं, तेव्हा तीही डॉक्टरांना दाखवा.