उलटा धरलेला ओळखीचा चेहराही चटकन का ओळखू येत नाही?

सरळ चेहरा आपण नाक, डोळे, ओठ असे सुटे सुटे पाहत नाही. दोन डोळ्यांतील अंतर, नाकाखाली ओठ किती खाली आहेत, हनुवटी कुठे संपते, या सगळ्यांची मांडणी मेंदू एकाच नजरेत टिपतो, आणि ही हातोटी आयुष्यभर सरळ चेहरे पाहून कमावलेली असते. चेहरा उलटा झाला की ती चालत नाही आणि एकेक अवयव जुळवत बसावे लागते. समोर बसलेल्या माणसाच्या हातातले वर्तमानपत्र आपल्याला उलटे दिसत असले, तर मथळा अडखळत का होईना वाचता येतो, पण शेजारच्या छायाचित्रातला रोजचा पुढारी ओळखू येत नाही, तो यामुळेच.

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट यिन यांनी १९६९ मध्ये दाखवले की उलटे केल्यावर घरे किंवा विमाने ओळखणेही अवघड होते, परंतु चेहऱ्यांच्या बाबतीत ही घसरण कितीतरी जास्त असते. याहून मासलेवाईक प्रयोग यॉर्क विद्यापीठातील पीटर थॉम्प्सन यांचा, १९८० चा: त्यांनी तत्कालीन ब्रिटिश पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या छायाचित्रातील डोळे आणि तोंड तेवढे कापून उलटे चिकटवले. ते चित्र उलटे धरले तर फारसे वावगे वाटत नाही. सरळ केले की मात्र अक्षरशः दचकायला होते. वर्णन वाचून यावर विश्वास बसत नाही, म्हणून ते चित्र शोधून मोबाइल स्वतः फिरवून पाहावा; फक्त त्याआधी पडदा आपोआप फिरण्याची सोय बंद करावी.